पाठल्या दाराची वाट

प्रभावती गेली, तरी पोदेर पाव घेऊन मागच्या दारालाच येत राहिला. कारापूरच्या त्या वाडीत बाकी सगळ्या घरांसमोर तो सायकल रस्त्यावर उभी करी, भोंपू वाजवी आणि बायका पुढच्या अंगणात येऊन पाव घेत. बाबुराव गावसाच्या घरी मात्र तो सायकल ढकलत माडाखालून वळून परसात जाई. प्रभावतीने त्याला तशी सवय लावली होती. बारावं होऊन गेल्यावर एका सकाळी परसात भोंपू वाजला, तेव्हा बाबुरावाने मागचं दार उघडलं, पावाचे चार उंडे घेतले आणि दार लोटलं. पुढे ये म्हणून सांगायचं त्याला सुचलंही नाही. इतकी वर्षं असंच चाललं होतं. कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

बाबुराव मूळचा दोडामार्गाकडचा. मिसरूड फुटायच्या वयात डिचोलीच्या खाणींवर आला आणि उभा जन्म लाल मातीचे ट्रक चालवण्यात घालवला. ट्रकच्या आवाजावरून कुठला नट सैल झालाय ते तो सांगायचा. पैसे साठले तसं कारापुरात घर बांधलं. घराला पुढे चांगला ऐसपैस सोपो केला, दाराच्या दोन्ही अंगांना बसायला लाल सिमेंटचे गुळगुळीत कट्टे. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ते त्याने करून घेतले होते. संध्याकाळी कामावरून आला की पाय धुवून तो तिथे बसे. शेजारपाजारच्या बायकाही आपापल्या सोप्यावर बसून भाजी निवडत, केस विंचरत, रस्त्यावरून जाणाऱ्याची चौकशी करत. प्रभावती कधी बसली नाही. चहा द्यायला उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत जायची.

याचं बाबुरावाला भूषण वाटे. जवळच्या साखळी गावात, बाजारातल्या हॉटेलात चारचौघांत बसला, की बायकांचा विषय निघे, आणि तो म्हणे, "आमच्या घरातला माणूस कधी पुढल्या सोप्यार बसलेला दाखवा." लोक माना हलवत. एवढी शालीन बाई मिळायला नशीब लागतं, असं कुणीतरी म्हणे, आणि चहा आणखी गोड लागे.

तिची दुसरी एक सवय मात्र त्याला खुपायची. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ती दारात खोकायची. एक लहान खोकला आणि त्याच्या मागून आणखी लहान एक. स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा, तिथे मांजर सोडून कुणी नसलं तरी. त्याने तिला साखळीच्या डॉक्टरकडे नेलं, म्हापशाला नेऊन छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ निघाली. डॉक्टरने लाल औषधाची बाटली दिली. ती प्रभावतीने चमचा चमचा करून मुकाट्याने संपवली. दुसरी आणली, तीही संपवली. खोकला होता तसाच राहिला. शेवटी ती गेली ते तापाने. छातीचा त्यात काही संबंध नव्हता.

दहाव्याला वाळवंटी नदीच्या काठावर पिंड ठेवला. समोरच्या माडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली असली, की कावळा शिवत नाही. मग एकेकाने पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि ओळखून सांगायचं की तुझं अमुक राहिलंय ते आम्ही करू. मुलगा प्रज्योत पुढे झाला. सोनालीचं बाळंतपण आम्ही नीट करू, आई, तू काळजी करू नकोस, असं म्हणाला. सोनाली म्हणजे धाकटी, तिला सहावा महिना होता. कावळा हलला नाही. मग प्रभावतीचा भाऊ अनंत, धारगळहून आलेला, म्हणाला की माहेरच्या देवीची ओटी दरवर्षी भरू. कावळ्याने चोच पंखात घातली. विहिणीने काहीतरी सांगितलं. शेजारणीने सांगितलं. ऊन वर आलं.

"बाबुराव, तू सांग," कुणीतरी म्हणालं. "तुका म्हायत असतलां."

बाबुराव हात जोडून पिंडासमोर उभा राहिला. तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच निघालं नाही. तिला कमी तिखट लागतं हे त्याला ठाऊक होतं. डाव्या गुडघ्यात कळ येते हे ठाऊक होतं. पण तिला काय हवं होतं? साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, कुठे न्या म्हणाली नाही. तो नुसताच उभा राहिला. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि लोक आंघोळीला नदीत उतरले.

कुणी त्याला बोललं नाही. पण त्या दिवसापासून बाबुरावाला घास गोड लागेना. वर्षश्राद्धाला पुन्हा कावळ्याचं पान ठेवावं लागणार होतं. तेव्हा पुन्हा आपण असेच मुके उभे राहिलो तर? तोवर काय ते शोधून काढायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

त्याने लेकीला विचारलं, अनंताला विचारलं. अनंत जमिनीकडे बघत म्हणाला, आपल्याला माहीत नाही. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात त्याला यशोदा भेटली. ती धारगळची, प्रभावतीबरोबर लहानाची मोठी झालेली, बाजारात मिरच्या घेऊन बसायची. बाबुराव तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सरळच विचारलं. यशोदा मिरच्या सारख्या करत राहिली. आता ती गेलीच आहे, तर सांगायला काय हरकत, असं स्वतःशीच म्हणाली आणि तिने सांगितलं.

लग्नाआधी प्रभावती बरीच वर्षं पणजीला होती. तिचा बाप एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काजूच्या बागेत राहून राबणारा मुंडकार. घराखालची जमीनसुद्धा भाटकाराची. भाटकार किरिस्तांव, त्यांचं राहतं घर पणजीत. तिथे स्वयंपाकघरात हाताखाली पोर लागली, की मुंडकाराच्या घरातून जायची. नाही म्हणायची रीतच नव्हती. प्रभावती परकर नेसायची तेव्हा गेली आणि लुगडं नेसायच्या वयात परत आली. नंतर बाबुरावाचं स्थळ आलं. किरिस्तांवाच्या चुलीपाशी राहिलेली मुलगी दोडामार्गाकडचे लोक करणार नाहीत, म्हणून बापाने सगळ्यांची तोंडं बंद केली. मांद्र्याला आत्याकडे होती असं सांगायचं ठरलं. प्रभावतीनेही तेच सांगितलं आणि पुढे तेच धरून राहिली.

"माका सांगूचा होता," बाबुराव म्हणाला. "मी काय तिका खाल्लं असतंय?"

"काय केलं असतंस?" यशोदाने विचारलं.

 तेव्हा बाबुरावाची आई हयात होती. काय झालं असतं ते त्याला चांगलं माहीत होतं.

त्या घरात प्रभावतीचं काही राहून गेलं का, हे यशोदाला सांगता येईना. ती एकदाच तिथे गेली होती, प्रभावतीच्या बापाबरोबर आंबे द्यायला. घर पिवळं होतं, कपेलाच्या म्हणजे छोट्या चर्चच्या जवळ, आणि कौलांवर मातीचा कोंबडा होता, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं.

बाबुरावाने घरी येऊन प्रज्योतला अर्धंच सांगितलं. पणजीतलं एक जुनं घर शोधायचंय, म्हणाला. प्रज्योत टॅक्सी चालवायचा, पर्यटक ने-आण करायचा. त्याने एका बाईचा नंबर दिला. गौरवी तिचं नाव, फोंतेन्हासच्या जुन्या गल्ल्यांतून संध्याकाळी लोकांना चालत फिरवते, तिथलं दार न् दार तिला माहीत आहे. पण ती गोऱ्यांना फिरवते बाबा, असं प्रज्योत हसत म्हणाला. बाबुरावाने फोन केला आणि आपण एकटेच येणार, दुसरं कुणी बरोबर नको, असं बजावून सांगितलं.

मंगळवारी उन्हं कलल्यावर तो पणजीच्या पोस्टासमोर जाऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि प्रज्योतचे बूट, जे टाचेला लागत होते. गौरवी आली ती त्याच्या शेजारून पुढे निघून गेली, कॅमेरावाला कुणीतरी शोधत. मग परतली. पस्तिशीची, चपळ बाई. बाबुराव कारापूरचा हे कळल्यावर तिने आपण मुळगावची असं सांगितलं आणि दोघांची गावं एकाच डिचोली तालुक्यातली निघाल्यावर तिचा आवाजच बदलला.

"खरं सांगू काका? आमच्या डिचोलीचा माणूस पणजीचे रस्ते बघायला आलेला मी पहिल्यांदाच बघते. आपले लोक इथे येतात ते कोर्टात, नाहीतर इस्पितळात."

"दोनय करून झाली, बाय," बाबुराव म्हणाला.

ती हसली आणि चालू लागली. ती चांगलं सांगत होती. ही खिडकी बघा, काच नाही, शिंपल्या आहेत, उजेड आत येतो पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. पांढरा रंग फक्त इगर्जीला, चर्चला, म्हणून बाकीची घरं पिवळी, निळी, तांबडी. ह्या घरात एक न्यायाधीश राहायचे, त्यांच्या सात मुली, एकीचंही लग्न झालं नाही. त्या जिन्यावरून एक व्हायोलिन वाजवणारा पडून मेला. प्रत्येक घराचं तिच्याकडे काहीतरी होतं. बाबुराव मान हलवत होता आणि कौलांकडे बघत होता. पिवळी घरं पाहिजे तितकी होती. मातीचे कोंबडेही एकदोन नव्हते. तांबड्या घरावर कोंबडा, निळ्यावर कोंबडा, एकाच्या कौलांवर बंदूक घेतलेला मातीचा शिपाई.  हे असं असेल हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

कपेलासमोरच्या विहिरीपाशी गौरवी थांबली.

"काका, तुम्ही मघापासून वरच बघताय. मान आखडेल. कौलांचा धंदा आहे काय तुमचा?"

बाबुराव विहिरीच्या कठड्यावर टेकला. बूट काढून हातात घेतला, टाचेकडे पाहिलं, आणि मग त्याने तिला सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, यशोदाचं सांगितलं. अनोळखी बाईसमोर हे बोलताना त्याला लाज वाटत होती, म्हणून तो बुटाकडे बघूनच बोलला.  तो थांबल्यावर गौरवीने एवढंच विचारलं, की बाग धारगळला होती हे नक्की ना? काजूची?

"काजूची."

"मग ते दोना एर्मेलिंदाचं घर," ती म्हणाली. "दर आठवड्याला लोकांना घेऊन जाते मी तिथे. पुढचा हॉल दाखवते. त्यांच्या घरचे झुंबर, आरसे. आजी अजून आहेत. ऐंशीच्या वर असतील."

घर वळणावरच होतं. यशोदाने सांगितलं तसं पिवळं, कोंबड्याची शेपटी तुटलेली. पुढे तीन दगडी पायऱ्या, वर छपराखाली बसायचे कट्टे, कोरीव लाकडी दार. बाबुराव रस्त्यावरच थांबला. पुढचे ते बसायचे कट्टे बघून त्याला आपला सोपो आठवला. कट्टे तसेच, रंगही तोच.

खिडकीत एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, गळ्यात सोन्याची बारीक साखळी. तिने गौरवीला ओळखलं, मग डोळे बारीक करून बाबुरावाकडे पाहिलं.

"हो कोण? नळे सारके करूंक आयला मरे?" तिने विचारलं. कौलं दुरुस्त करायला तिने कुणाला तरी सांगून ठेवलं असणार. उत्तराची वाट न बघता ती बाबुरावाला म्हणाली, "पाठल्या दारान यो रे."

गौरवीचा चेहरा उतरला. हे पाहुणे आहेत, असं ती घाईघाईने सांगायला लागली. बाबुरावाने हात केला.

"रवांदे, बाय. मी जातंय तेच्यान."

"काका, मागे काही नाही हो. गटार आहे नुसतं."

"असांदे."

दोन घरांच्या मधून एक बोळ होता. माणूस आडवा झाला तरच पुढे सरकेल इतका. खाली गटार, भिंतींना शेवाळ, त्यातून नेचे फुटलेले. खरकट्या पाण्याचा वास येत होता. पणजी बघायला आलेलं कुणी इथे येत नसणार. बाबुराव भिंतीला हात लावत लावत गेला, पांढऱ्या शर्टाला हिरवे डाग पडले. बोळाच्या टोकाला लहानसं फरसबंद अंगण, एक विहीर, आणि ठेंगणं हिरवं दार. दारापुढची पायरी मधोमध खोल झिजलेली होती. पुढच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडा अजून शाबूत होत्या, हे त्याने मघाशी पाहिलं होतं.

आत काठीचा आवाज आला. म्हातारी घरातून चालत मागे आली होती. दार अर्धं उघडं होतं, ती दिसत नव्हती.

"पांय पूस," ती आतून म्हणाली. "आनी खोंक. खोंकनासतना कोण भितर सरलें जाल्यार म्हजें काळीज उडटा. आमच्या मांयच्या वेळार सावन हें अशेंच ह्या घरांत."

खोकल्याशिवाय आत शिरायचं नाही, म्हातारीच्या आईच्या वेळेपासून. बाबुराव पायरीवर होता तिथेच राहिला.

त्याला म्हापशाचा तो काळा फोटो आठवला, डॉक्टरने उजेडाला धरलेला. हाडं न् हाडं दिसत होती. काही नाही हो, छाती अगदी स्वच्छ. ती स्टुलावर बसली होती, पदर सारखा करत. बाहेर आल्यावर तो तिच्यावर चिडला होता, मग खोकतेस कशाला, म्हणून.  लाल औषधाचा चमचा तोंडाशी नेताना ती जराशी तोंड वाकडं करायची. ते कडू असायचं. तिने दोन बाटल्या प्यायल्या.

"आयकलें मरे?" म्हातारीने विचारलं.

बाबुरावाने पाय पुसले.  मग एक लहान खोकला बाहेर आला आणि त्याच्या मागून आणखी लहान एक. 

तो वाकून आत गेला. धुराने काळं पडलेलं स्वयंपाकघर, आता एका कोपऱ्यात गॅस. गौरवी पुढून आत आली होती, तिने दोना एर्मेलिंदाला कोण, काय ते सांगितलं होतं. म्हातारी ओशाळली नाही, रागावलीही नाही. भिंतीकडच्या बाकावर बस म्हणाली. बाबुराव बसला नाही. धारगळची प्रभा आठवते का, त्याने विचारलं. बापाचं नाव सांगितलं, बागेचं सांगितलं. गोरी नव्हती, उंच नव्हती, कपाळावर डाव्या बाजूला व्रण होता.

म्हातारीने बराच वेळ आठवून पाहिलं. तिला खरंच आठवायचं होतं, हे दिसत होतं.

"कितलीं चेडवां आयलीं, कितलीं गेलीं, पुता," ती म्हणाली. "मांय सगळ्यांक लिना म्हणटाली. पयली आयिल्ली तिचें नांव लिना. मागीर दर खेपे नवें नांव कोण शिकतलो?"

"ती कधी पुढे बसायची काय? सांजवेळी?"

"मुखार?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "मुखार तिचें काम कितें?"

ती खोचून बोलत नव्हती. चहात मीठ घालतात का असं विचारल्यावर माणूस जसं बघेल, तशी ती बघत होती.

 बाबुराव चुलीच्या जुन्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथून समोर बघितलं, तर एकापुढे एक दारं होती. जेवणाची खोली, मग पुढचा हॉल, मग उघडं दार, आणि त्या दारातून रस्त्याची एक उभी पट्टी. दिवे लागले होते. पट्टीतून एक पोरगी गेली, नुसता फ्रॉक दिसला न दिसला. मग सायकलचं मागचं चाक. मग बराच वेळ कुणीच नाही. मग कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला, आणि तो माणूस काही पट्टीत आलाच नाही, आधीच वळला असणार. बाबुराव बघत राहिला. कुठल्या घरात कोण न्यायाधीश होता ते ह्या जागेवरून दिसत नव्हतं.

"आतां खंय आसा ती?" दोना एर्मेलिंदाने विचारलं.

"गेली. वर्ष होईत इलां."

म्हातारीने क्रुस केला. मग काठीवर हनुवटी टेकवून म्हणाली, "एक फावट येवंक जाय आशिल्लें तिणें. कोणूच परत येना, पळे."

एकदा तरी यायला हवं होतं तिने, हे म्हातारी तक्रारीसारखंच म्हणाली. बाबुरावाला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. राग येण्याइतकी जागा त्याच्यात उरली नव्हती.

"चला काका, पुढच्या दाराने जाऊ," गौरवी हळू म्हणाली. म्हातारीने मान हलवली, जा म्हणाली.

"नको," बाबुराव म्हणाला. "मी इलंय तसोच जातंय." आणि तो वाकून हिरव्या दाराने बाहेर पडला, पुन्हा भिंतीला हात लावत.

रस्त्यावर आल्यावर गौरवीने इथेच थांबूया का विचारलं. बाबुराव नको म्हणाला. उरलेलं दाखव, म्हणाला. मग ती त्याला खाडीच्या काठाने घेऊन गेली. पाण्यात दिवे पडले होते, माणसं फिरायला निघाली होती. तिने एका पुलाचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. दोघं तसेच चालत राहिले. टाचेचा फोड फुटला होता, पण तो बूट घालूनच चालला.

"काका, तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही? पुढे का बसत नाहीस म्हणून?"

बाबुराव चालायचा थांबला.

"मी लोकांका सांगत होतंय," तो म्हणाला. "आमच्या घरातला माणूस पुढल्या सोप्यार बसणा नाय. साखळीच्या हॉटेलात. सगळ्यांका. मोठेपणान."

गौरवी खाडीकडे बघत उभी राहिली. मग तिने धीर करून म्हटलं, की मग तेच राहिलं असेल त्यांचं. पुढे बसायचं.

"म्हायत नाय," बाबुराव म्हणाला. "ता तुका वाटता. तिका काय वाटत होता, ता तिका म्हायत. कदाचित पाठलाच दार बरा वाटत असात तिका. तिणां सांगलां नाय आणि मी विचारलां नाय." मग तो म्हणाला, "तिका भायर काढली ती पुढल्या दारान. चौघांनी उचलून. तेच्या आधी त्या दारान गेलेली मी बघूक नाय."

दोघं बसस्टँडपर्यंत चालत गेले. गौरवी त्याला बसमध्ये बसवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर परसात आला तेव्हा बाबुरावाने त्याला सांगितलं, की उद्यापासून पुढे ये, रस्त्यावरूनच भोंपू वाजव. पोदेर बरं म्हणाला. पुढच्या दिवशी तो पुन्हा परसातच आला. सायकलचं चाकच तिकडे वळतं, म्हणाला. बाबुरावाने पाव घेतले.

वर्षश्राद्धाला घर भरलं. सोनाली मुलाला घेऊन आली, अनंत धारगळहून आला, यशोदासुद्धा आली. होम झाला, पिंड झाले, भटजींनी कावळ्याचं पान वाढून दिलं. प्रज्योत ते घेऊन परसाकडे निघाला, कारण पान नेहमी परसातच ठेवतात, विहिरीच्या कठड्यावर. बाबुरावाने ते त्याच्या हातातून घेतलं आणि पुढच्या दाराकडे चालू लागला.

"बाबा, खय चाललास?"

 सोपो सकाळीच बाबुरावाने स्वतः धुऊन काढला होता. उजव्या अंगाच्या लाल कट्ट्यावर, जिथून सगळा रस्ता दिसतो, त्याने पान ठेवलं. भटजी म्हणाले की ही जागा बरोबर नाही, इथे माणसांची ये-जा. बाबुराव म्हणाला, माणसं मागून ये-जा करतील. आणि खरंच त्याने सगळ्यांना परसातून जायला लावलं.

विजेच्या तारेवर एक कावळा येऊन बसला. लोक वाट बघत राहिले. पोटात आग पडली होती, पण पान शिवल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. अनंताने पुन्हा हात जोडले, ओटीचं काहीतरी सुरू केलं. बाबुरावाने त्याला थांबवलं. मग तो कट्ट्यासमोर जाऊन उभा राहिला. गेल्या वर्षी जसे सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते तसेच आताही बघत होते. 

"बस गे हय," तो म्हणाला.

एवढंच. त्याने कसलं वचन दिलं नाही.

कावळा उडाला आणि समोरच्या आंब्यावर जाऊन बसला. ऊन फिरलं. भटजींनी दर्भ हातात घेतला, पण बाबुरावाने मान हलवली. तुम्ही जेवून घ्या, सगळे जेवा, असं त्याने सांगितलं. लोक कुजबुजत आत गेले, जेवले, आणि परसातून आपापल्या घरी गेले. बाबुराव कट्ट्याखाली जमिनीवर बसून राहिला. पानावरचा भात वाळून कडक झाला. मुंग्यांची रांग लागली. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यातल्या काहींनी त्याच्याकडे पाहून हात केला. त्यानेही हात केला. त्याच्या मागच्या कट्ट्यावर फक्त पान होतं.

दिवेलागणीला प्रज्योत बाहेर आला.

"बाबा, पान उचलूया? काळोख पडता."

"रवांदे," बाबुराव म्हणाला. "बसांदे तिका जरा."